नऊ पानांपुरतं प्रश्नचिन्ह

मी एक जुनं प्रश्नचिन्ह आहे. परीक्षेच्या पेपरातलं नव्हे. मी एका कॉम्प्युटरच्या पोटात, एका लहानशा प्रोग्रॅमच्या एका ओळीत राहतो. राहतो म्हणजे पडून असतो. माझ्या ओळीच्या तोंडाशी दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांची एक खूण ठोकली आहे. ती खूण लागली की ओळ वाचता येते, पण चालत नाही. थोडक्यात, मला कामावरून काढलं आहे. आणि मित्रांनो, मी चिडलेला आहे. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात, हे मला ठाऊक आहे. मोडकी छत्रीसुद्धा शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होते. मला ते जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझं काम काय, ते आधी ऐका. कॉम्प्युटरमध्ये फायली असतात आणि प्रत्येक फायलीला नाव असतं. एकदम पुष्कळ फायली हव्या असल्या, तर माणूस एकेक नाव लिहीत बसत नाही. तो एक नमुना लिहितो. जेवढं सगळ्या नावांत सारखं आहे तेवढं लिहितो आणि जिथे नावं बदलतात तिथे आमच्या घराण्यातल्या कुणालातरी उभं करतो. मग कॉम्प्युटर एकेक नाव आणून आमच्यासमोर धरतो. नमुन्यात बसलं तर ते आत. नाही बसलं तर ते बाहेर.

मी एका अक्षराच्या जागी उभा राहतो. अक्षर कुठलंही चालेल, आकडाही चालेल, पण एकच. एक म्हणजे एक. शून्य आणलंत तरी नाही, दोन आणलीत तरी नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं तसं नाही. तिचं नाव चांदणी. तुमच्या कीबोर्डवर आठ आकड्याच्या डोक्यावर बसलेली असते, बघा. ती कितीही अक्षरं घेते. दहा घेते, शंभर घेते, समोर काहीच नसलं तरी तिचं चालतं. एक चुलत भाऊ आहे चौकटी कंस, तो हातात यादी धरून दारावर उभा राहतो आणि यादीतलंच अक्षर आत सोडतो. पण कौतुक सगळं चांदणीचं. कुणीही नवशिका आला की पहिल्यांदा तिलाच बोलावतो. मी तिच्यावर जळतो असं समजू नका. ती बिचारी सांगितलेलं काम करते. माझा राग तिच्यावर नाहीच.

मला लिहिलं ते चष्मेवाल्या काकांनी. त्यांचा चष्मा इतका जाड होता की पडद्याला नाक लागेपर्यंत पुढे वाकायचे आणि टाइप करताना स्वतःशीच मोठ्याने बोलायचे. ती खोली एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर होती. भिंतींना जाड स्पंज चिकटवलेला, मधोमध एक माईक, काचेपलीकडे कॉम्प्युटर. ज्यांच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन होणार, स्वरयंत्रच काढून टाकणार, अशी माणसं त्या खोलीत यायची. ऑपरेशनच्या आधी त्यांचा आवाज टिपून ठेवायचा. मग त्यावरून एक यंत्र तयार व्हायचं. माणसाने त्यात अक्षरं दाबली की यंत्र त्याच्याच आवाजात बोलायचं.

वाचायला नऊ पानं ठरलेली होती. प्रत्येक पानाची एक फाईल. पान-१, पान-२, असं करत पान-९ पर्यंत. संध्याकाळी खोली बंद करताना त्या फायली पलीकडच्या मोठ्या डिस्कवर उतरवायच्या आणि इथून पुसून टाकायच्या, म्हणजे दुसऱ्या माणसाला जागा. त्यासाठी काकांनी आमचा प्रोग्रॅम लिहिला.

"पान एक ते पान नऊ," काका पुटपुटले होते. "एकच आकडा. इथे चांदणी नको. उगाच भलतंसलतं आत यायला नको. प्रश्नचिन्ह बरं." आणि त्यांनी मला टाइप केलं. `पान-?`. उतरवण्याच्या ओळीतही मी आणि पुसण्याच्या ओळीतही मीच. म्हणजे जे उतरवलं तेच पुसलं जाणार. जे माझ्यात बसलं नाही, ते जिथल्या तिथे राहणार. पुसण्याच्या आधी त्यांनी आणखी एक ओळ घातली. ती ओळ पडद्यावर नावांची यादी दाखवायची आणि विचारायची, "एवढ्या फायली पुसू का? हो की नाही?" माणसाने यादी बघायची आणि मग 'हो' दाबायचं.

किती साधी गोष्ट! एवढ्या साध्या गोष्टीवर आम्ही वर्षानुवर्षं निभावलं. एक वकील आले होते, त्यांनी नऊही पानं न्यायाधीशासमोर उभं राहिल्यासारखी वाचली. एक बस कंडक्टर आले होते, त्यांना कुठलंही वाक्य हळू म्हणताच येईना. एक आजी आल्या होत्या, त्या प्रत्येक पानाच्या शेवटी माईकला विचारायच्या, "बरोबर झालं ना रे?" त्या सगळ्यांचे आवाज माझ्या हातून पलीकडे सुखरूप गेले. एकही हरवला नाही. ज्या ताई तिथे आवाज टिपायच्या, त्यांच्या कानांवर सदा हेडफोन असायचा, म्हणून सगळे त्यांना हेडफोनताईच म्हणायचे. त्या रोज संध्याकाळी यादी बघायच्या, हो दाबायच्या आणि पडद्यावर एक टिचकी मारून म्हणायच्या, "शाब्बास, निघते मी." ती शाब्बासकी माझी होती. निदान मी तरी ती माझीच समजत होतो.

मग काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हा आला.

त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते घेऊन मी माझं तोंड विटाळणार नाही. सगळं रुग्णालय त्याला 'झालंच-समजा' म्हणायचं. प्रिंटर बिघडला, "झालंच समजा." इंटरनेट गेलं, "झालंच समजा." हुशार होता, नाही असं नाही. बोटं तर अशी चालायची की बघत राहावं. पण कुठलीही गोष्ट थांबून बघणं म्हणून नाही. आल्या आल्या त्याने आमचा प्रोग्रॅम उघडला आणि फिसकन हसला.

"हे काय, रोज हो-नाही विचारत बसतं? आजीबाईंचा प्रोग्रॅम आहे की काय?"

"मी यादी बघते रोज," हेडफोनताई म्हणाल्या.

"आणि रोज 'हो' दाबता. कधी 'नाही' दाबलंय?"

 खरंच ताईंनी कधी 'नाही' दाबलं नव्हतं. त्याने ती विचारणारी ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी एक हिरवी पाटी लावली, 'काम पूर्ण'. आता खोली बंद करताना काही बघायचं नाही, काही दाबायचं नाही, पाटी आली की पिशवी उचलायची आणि निघायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय एवढाच आहे, एक टिंब, पण आग लागायला तेवढा पुरतो.

तरीही मोठं काही बिघडलं नव्हतं. उतरवायला मी, पुसायलाही मीच. आणि मग शिट्टीबाई आल्या.

शिट्टीबाई पोहायला शिकवायच्या. गळ्यात कायम शिट्टी, केस कापलेले, खांदे बंद दारासारखे रुंद. तीसेक वर्षं तलावाच्या काठावर उभं राहून पोरांवर ओरडण्यात घालवलेली. आवाज आता घोगरा झाला होता, गळ्याला कर्करोगाची कीड लागली होती, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. बरोबर त्यांची लेक असायची. लेक चाळिशीला आलेली, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण आई तिला चारचौघांत 'बेडके' अशीच हाक मारायची. लहानपणी ती म्हणे पाण्याबाहेर निघायचीच नाही.

शिट्टीबाईंनी पहिलं पान हातात घेतलं आणि वाचलं. "आज हवा छान आहे. मला बागेत फिरायला आवडतं." मग चौथं पान. "कृपया मला एक पेला पाणी द्याल का?" नऊ पानं कशीबशी संपवली आणि कागद टेबलावर आपटले.

"ताई, मी आयुष्यात कुणाला कृपया म्हटलेलं नाही. हा आवाज माझा असेल, पण ही बाई कोण आहे? मी नाही ही!"

लेक हळूच म्हणाली, "आई, तू बोलतेस तसं बोल ना. मला ते हवंय. तू मला हाक मारतेस ती हवी आहे."

हेडफोनताईंना ते पटलं. त्या म्हणाल्या, "बाई, मग तुम्ही रोज बोलता तसं बोला. मी टिपते. पानं संपली तरी चालेल."

आणि मग त्या खोलीत धमाल उडाली! पुढचे काही दिवस शिट्टीबाई यायच्या आणि माईकसमोर तलाव उभा करायच्या. "डोकं आत! पाय मार, पाय! पाणी आहे ते, गादी नाही, आडवा काय होतोस?" फोन उचलल्यासारखं "बोला!" म्हणायच्या, ते ऐकून समोरचा काय बोलायचं ते विसरेल. शेजारणीशी गप्पा मारल्यासारख्या गप्पा मारायच्या. लेकीला हाका मारायच्या, लाडाची वेगळी, रागाची वेगळी, उशीर झाल्यावरची वेगळी. आणि हसायच्या. त्यांचं हसणं आधी नाकातून निघायचं, मग एकदम फुटायचं आणि शेवटी खोकल्यात बुडायचं. ताई काचेपलीकडे डोळे पुसत हसायच्या. त्या खोलीत इतकं हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिथे लोक हसायला येत नसत.

आता बघा. नऊनंतर कॉम्प्युटरने त्या फायलींना पुढचे नंबर दिले. पान-१०, पान-११, पान-१२ आणि पुढे. दोन आकडी नंबर. माझ्यात एकच आकडा बसतो. संध्याकाळी त्या माझ्यासमोर आल्या, मी त्यांना आत घेतलं नाही, त्या बाहेर राहिल्या. पलीकडे उतरल्या नाहीत, पण पुसल्याही गेल्या नाहीत. तशाच पडून राहिल्या, सगळ्यांना दिसतील अशा. काकांची ओळ असती तर ताईंनी यादी बघितली असती आणि म्हणाल्या असत्या, "अरेच्चा, ही दहा-अकरा कुठे आहेत यात?" पण यादी येतच नव्हती. हिरवी पाटी येत होती.

मी काय करणार? ओरडता येत नाही. पण त्या उरलेल्या फायली हाच माझा आरडाओरडा होता, मित्रांनो. काहीतरी माझ्या मापात बसत नाहीये, या आणि बघा, असं मी रोज त्यांच्या तोंडाने सांगत होतो.

एके दुपारी कॉम्प्युटरने कुरकुर केली, जागा कमी पडतेय. ताई जेवायला गेल्या होत्या. झालंच-समजा आला, फायली बघितल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काय हा कचरा साठलाय? पुसलं का जात नाही हे?" त्याने आमचा प्रोग्रॅम उघडला. पुसण्याच्या ओळीत मला बघितलं. उतरवण्याच्या ओळीत मी आहे की नाही, ते बघितलंसुद्धा नाही. पुसण्याच्या ओळीतून मला खोडलं आणि तिथे चांदणीला बसवलं. `पान-*`. एक बटण इकडे, एक बटण तिकडे.

"झालंच समजा," तो म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला.

संध्याकाळी प्रोग्रॅम चालला. उतरवण्याच्या ओळीत मी होतो, त्यामुळे एका आकड्याचीच पानं तेवढी पलीकडे जाणार होती. पुसण्याच्या ओळीत चांदणी होती. तिच्यासमोर पान-१० आलं. तिने घेतलं. पान-११ आलं. घेतलं. ती विचारत नाही, तिला विचारायला शिकवलेलंच नाही. हाका गेल्या. फोनवरचं "बोला!" गेलं. हसणं गेलं. मी दोन ओळी वर उभा राहून एकेक जाताना बघत होतो. मग हिरवी पाटी आली, ताईंनी पिशवी उचलली आणि पडद्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "शाब्बास, निघते मी." त्या शाब्बासकीने मला जेवढं जाळलं, तेवढं कुठल्याच शिवीने जाळलं नसतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोष्ट उघडकीला आली. सकाळी ताईंनी यंत्रात आवाज भरायला म्हणून मोठी डिस्क उघडली. तिथे नऊ पानं. त्यांनी इकडचा कॉम्प्युटर बघितला. तिथे काहीच नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. झालंच-समजाला बोलावलं. तो आला, खटाखट बटणं दाबली, पुसलेलं परत आणायची सगळी अवजारं चालवून बघितली. पण मधल्या दिवसांत त्याच जागेवर दुसऱ्या माणसांचे आवाज लिहिले गेले होते. काही हाती लागेना.

"जुन्या कोडची भानगड आहे," तो शेवटी म्हणाला. "कुणी शहाण्याने इथे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय. एकच अक्षर घेतं ते. बोगस."

बोगस! मी! ज्याने आयुष्यात एक अक्षर कमी घेतलं नाही की एक जास्त घेतलं नाही, त्याला हा बोगस म्हणणार! स्वतः विचारणारी ओळ काढली, स्वतः चांदणी बसवली, आणि खापर माझ्या डोक्यावर. हलता आलं असतं ना मित्रांनो, तर माझ्या या वाकड्या आकडीने मी त्याची कॉलर धरली असती.

"आणि तसंही," तो आवाज खाली आणून म्हणाला, "नऊ पानं आहेत ना? आवाज बनतो तेवढ्यात. त्यांना सांगायची गरजच काय?"

हेडफोनताईंनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो त्यांच्या कानांशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

"उद्या त्या बाईंचा आवाज कापून काढणार आहेत. आज त्या माझ्याकडे येणार, मी त्यांच्या तोंडाकडे बघणार, आणि मूग गिळून बसू? तूही थांब. कुठे जायचं नाही."

दुपारी शिट्टीबाई आणि लेक आल्या. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, गळ्याला ताण नको म्हणून. ताईंनी काही लपवलं नाही. काय टिपलं होतं, काय पुसलं गेलं, कसं पुसलं गेलं, सगळं सरळ सांगितलं. बोलता बोलता त्यांचा हात आवाज टिपायच्या लाल बटणावर गेला. मला वाटतं त्यांच्याही लक्षात आलं नसावं. इतक्या वर्षांची सवय, माणूस माईकसमोर बसलं की बटण दाबायचं.

 "हाकसुद्धा गेली?" एवढंच लेकीने विचारलं.

 शिट्टीबाई झालंच-समजाकडे वळल्या. तो म्हणाला, "मॅडम, टेक्निकल प्रॉब्लेम होता..."

आणि तलाव फुटला.

"गप! तोंड उघडलंस तर बघ! टेक्निकल म्हणे! मला सांग, पुसायच्या आधी बघितलंस का? काय पुसतोय ते एकदा तरी डोळे उघडून बघितलंस का?" आवाज घोगरा होता, फाटत होता, पण स्पंजाच्या भिंती हादरतील असा. "माझ्याकडे एवढीएवढी पोरं येतात. पहिल्या दिवशी मी कुणाला उडी मारू देत नाही. काठावर उभं करते आणि विचारते, खाली कोण आहे ते बघितलंस का? नाही बघितलं? मग बस खाली. दहादा विचारते. पोरं कंटाळतात, रडतात, आयांना सांगतात बाई छळतात म्हणून. छळते! कारण खाली कुणाचं तरी पोर असतं! आणि तू, एवढा शिकलेला घोडा, डोळे मिटून उडी मारलीस. आणि खाली कोण होतं रे? बोल ना, कोण होतं? मी होते! खाली मी होते!"

झालंच-समजा भिंतीला टेकला होता. लेक हुंदके देत होती. शिट्टीबाई तिच्याकडे गर्रकन वळल्या.

"आणि बेडके, तू रडायची थांब आधी! नाक पूस. मी मेले का? अगं, गळा जाणार आहे, मी कुठे जातेय? बेडके! इकडे बघ माझ्याकडे. बघ म्हणते ना!"

तेव्हा त्यांना टेबलावरचा लाल दिवा दिसला. त्या थबकल्या. ताईही दचकल्या, बटण बंद करायला गेल्या.

"राहू दे," शिट्टीबाई म्हणाल्या. "चालू आहे ना? राहू दे. अजून संपलं नाही माझं."

आणि त्यांनी दम घेऊन उरलेलं सगळं बोलून घेतलं. त्याला झापलं, डॉक्टरांना झापलं, नऊ पानं लिहिणाऱ्याला झापलं, तलावाच्या पाण्यात औषध जास्त टाकणाऱ्या माणसाला झापलं. शेवटी आवाज दोऱ्यासारखा बारीक झाला. लेक म्हणाली, "आई, एकदा हस ना. जमलं तर." त्यांनी प्रयत्न केला. नाकातून थोडा वारा निघाला, पुढे काही फुटेना. पुन्हा करून बघितलं. मागून आणलेलं हसू ते, त्याला काय अर्थ? हात हलवून त्या म्हणाल्या, "जाऊ दे." त्या खोलीत त्यांच्या तोंडून निघालेले ते शेवटचे शब्द.

ताईंनी बटण बंद केलं. फाईल तयार झाली आणि शिट्टीबाईंच्या पानांची मोजणी पुढे चालू असल्यामुळे तिला पुन्हा दोन आकडी नंबर पडला. माझा जीव टांगणीला लागला! खोली बंद करायची वेळ होत आली होती. ही फाईल माझ्यात बसणार नाही आणि दोन ओळी खाली चांदणी वाट बघत उभी. पण ताई आता हिरव्या पाटीला भुलणाऱ्या राहिल्या नव्हत्या.

"आधी हे दुरुस्त कर," त्या त्याला म्हणाल्या. "माझ्यासमोर. मगच आजची खोली बंद होईल."

तो बसला. त्याची ती वाऱ्यासारखी बोटं आता एकेक बटण शोधत चालली. उतरवण्याची माझी जी ओळ होती, तिच्या तोंडाशी त्याने ती रेघारेघांची खूण ठोकली. तिच्याखाली नवी ओळ लिहिली, तीत चांदणी. जे पलीकडे पोचलंय तेवढंच पुसायचं, अशी अट घातली. आणि काकांची विचारणारी ओळ पुन्हा आपल्या जागी आणून बसवली. मला परत कामावर घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझी नऊ पानं नऊच राहिली असती तर मी बरोबर होतो. ती दहा झाली, तर बदलायला माणूस हवा होता, आणि माणूस तर शीळ घालत होता. जाऊ द्या.

पडद्यावर यादी आली. त्याचा हात सवयीने 'हो'कडे गेला. शिट्टीबाई त्याच्या मागेच उभ्या होत्या. त्या बोलल्या नाहीत. बोटाने फक्त त्याच्या खांद्यावर टकटक केलं. त्याने हात मागे घेतला आणि यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पलीकडची डिस्क उघडून तीच नावं तिथेही वाचली. त्यानंतर 'हो' दाबलं.

काही महिन्यांनी शिट्टीबाई यंत्र नीट करून घ्यायला पुन्हा आल्या. गळ्याला रुमाल होता. शिट्टी आता लेकीच्या गळ्यात होती, कारण गळ्यातून श्वास घेणाऱ्या माणसाला शिट्टी फुंकता येत नाही. रविवारी काठावर ती उभी राहते म्हणे, आणि शेजारी आई यंत्र घेऊन. यंत्राचा आवाज नऊ पानांवरून आणि त्या एका झापण्यावरून बनलेला. त्यामुळे गंमत अशी की ते काहीही बोललं तरी झापल्यासारखंच वाटतं. "आज हवा छान आहे" असं ते इतक्या जरबेने म्हणालं की ताई खुर्चीत ताठ बसल्या. आणि "बेडके!" म्हणालं तेव्हा लेकीने सवयीने मान वर केली, "आले!" म्हणाली आणि मग स्वतःच ओठ चावून खाली बघत राहिली.

झालंच-समजाने यंत्र हातात घेतलं. "नवीन अपडेट टाकून देतो, पाच मिनिटांत झालंच स..."

शिट्टीबाईंनी हात पुढे करून एकच बटण दाबलं. यंत्र कडाडलं, "बघितलंस का?"

तो खाली बसला आणि अपडेटमध्ये काय काय बदलणार आहे ते वाचू लागला. ताई फिसकन हसल्या. लेकही हसली. आणि शिट्टीबाईसुद्धा हसल्या, मित्रांनो. खांदे गदागदा हलत होते, डोळे मिटले होते, तोंड उघडं होतं. आवाज काही नव्हता. लेकीचं हसणं मधेच थांबलं. तिने आईकडे बघितलं, मग यंत्राकडे बघितलं. यंत्रात सगळं होतं, जरब होती, हाक होती. हसण्याचं बटण नव्हतं. ते कुठून आणणार? पुसलं ते.

म्हणून मी चिडलेला आहे. माझी नोकरी गेली म्हणून नव्हे. मला बोगस म्हटलं ते तर मी कधीच सोडून दिलं. थोडंसं सोडून दिलं. मी चिडलेला आहे तो त्या नाकातून निघून खोकल्यात बुडणाऱ्या हसण्यासाठी, जे आता जगात कुठेच नाही.

तुम्हीही मोठे व्हाल, कॉम्प्युटर चालवाल, नमुने लिहाल. खुशाल चांदणी वापरा, ती चांगली आहे. मला नाही वापरलंत तरी चालेल. पण पुसण्याचं बटण दाबायच्या आधी एकदा नावांची यादी समोर आणा आणि वाचा. कंटाळा आला तरी वाचा. कुणी आजीबाई म्हणालं तरी वाचा. तुम्हाला तो कचरा वाटेल. पण खाली कुणीतरी असतं, आणि त्याला वर बघून ओरडता येत नाही.

बघितलंत का?